झोपेतला ब्रेक

कुणाचा नवरा झोपेत घोरतो, कुणाचा दात खातो, कुणाचा साहेबाला सांगायचं राहून गेलेलं सगळं भिंतीला ऐकवतो. मोजेवालीचा नवरा झोपेत ब्रेक मारायचा.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही, त्याचं कामच ते होतं. मोटरसायकलच्या कारखान्यात तो ब्रेक तपासणारा चालक होता. नवी गाडी लांबलचक मोकळ्या पट्ट्यावर भरधाव सोडायची आणि पांढऱ्या रेषेशी आली की थांबवायची. कोरड्या डांबरावर थांबवायची, पाणी सोडलेल्या डांबरावर थांबवायची, एकट्याने थांबवायची, मागे वाळूची पोती बांधून थांबवायची. जग कुठेतरी पोचायला गाडी चालवतं, हा गृहस्थ थांबायला चालवायचा. कारखान्यात त्याचं नावच थांबकर पडलं होतं. पहाटे वारा पडलेला असतो म्हणून हे काम उजाडताच सुरू होई आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत संपे. मग घरी यायचं, जेवायचं आणि मस्तपैकी ताणून द्यायची.

मोजेवाली पुढच्या खोलीत हातमोजे शिवायची, गाडीवाल्यांचे, चामड्याचे. जेवणानंतर तीही घटकाभर त्याच्या शेजारी कुशीवर व्हायची, आपला उजवा हात त्याच्या उजव्या हातात द्यायची आणि डोळे मिटायची. थोड्या वेळाने त्याची बोटं जागी व्हायची. आधी दोनच बोटं, नुसती टेकायची. मग हलकी ओढ यायची. मग जरासा दम, गाडीचं वजन पुढच्या चाकावर यावं एवढा, आणि मग घट्ट, आणखी घट्ट दाब, आणि अखेरीस हळूहळू सैल. गाडी थांबली. की पुन्हा पहिल्यापासून.

लग्न नवं होतं तेव्हा ती दचकून उठायची. पुढे पुढे तिला त्याशिवाय झोप येईनाशी झाली. अर्धवट झोपेत त्या हातातून तिला रस्ता दिसायचा. पडद्यातून गाळून आलेलं पिवळं ऊन पापण्यांवर असायचं आणि त्या उन्हातून एक काळा पट्टा लांब जायचा, दोन्ही बाजूंनी गवत वाकायचं, आवाज मात्र कसलाच नसायचा. कधी ती मागे बसलेली असायची, कधी तीच चालवत असायची, कधी नुसतीच वाऱ्यासारखी सोबत जायची. रेषा यायची, बोटं आवळायची आणि सगळं जग अगदी अलगद थांबायचं. असली झोप मिळाली की बाईचं वय वाढत नाही, असं ती शेजारणीला सांगायची. शेजारीण म्हणायची, "आमच्याकडे झोपेत लाथा मिळतात हो."

आणि मग एके दिवशी तो पडला. पाणी सोडलेल्या पट्ट्यावर पडला, आणि चूक त्याचीच. ओल्या डांबरावर पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, हे नव्या चालकांना घसा कोरडा करून सांगणारा तोच, आणि त्या दिवशी एकदम आवळणाराही तोच. पुढचं चाक अडकलं, गाडी एका अंगावर गेली आणि थांबकर घसरत घसरत पार गवतापर्यंत गेला. उठला, अंग झटकलं. खांद्याला मुका मार बसला होता, बाकी ओरखडासुद्धा नाही.

पण मोजेवालीने त्याचं जाकीट मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिलं. कोपराचं चामडं झिजून आतली गादी बाहेर आली होती. हेल्मेट हनुवटीपाशी खरवडून पांढरं पडलं होतं. उजव्या मोज्याच्या तळव्याचा पहिला थर साफ गेला होता, दुसरा शाबूत होता. पडणारा माणूस आधी तळहात टेकतो म्हणून तळव्याला दुहेरी चामडं लावायची तिची पद्धत. कारखान्यातली मंडळी त्यावरून तिची चेष्टा करायची, मोजे आहेत की उशा म्हणायची. त्या दुसऱ्या थरावरून ती कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसली. हा नसता तर इथे त्याचं कातडं असतं, दुसरा विचारच तिला सुचेना.

"नवे शिवून दे," तो हसत म्हणाला. "आणि रागावू नकोस. घसरताना मला तुझ्या मोज्यांचीच काळजी लागली होती."

ती रागावली. मग रडली. मग तिने नवे मोजे शिवायला घेतले, तळव्याला पुन्हा दुहेरी.

खांदा बरा होईपर्यंत साहेबांनी त्याला टायरच्या खोलीत बसवलं. खांदा बरा झाला, तरी तो तिथेच राहिला. विचारलं की म्हणायचा, "जरा आराम करतो गं, किती वर्षं धावलो." आता उजाडता निघायचं नसल्यामुळे सकाळी लेकीला मागे बसवून कॉलेजात सोडायचा, पुढे कामावर जायचा आणि दुपारी पूर्वीसारखाच जेवायला यायचा. सगळं कसं सुरळीत दिसत होतं.

दुपारी मात्र त्याचा हात रिकाम्या मोज्यासारखा तिच्या हातात पडून राहायचा. बोटं टेकत नव्हती, ओढ येत नव्हती. ती वाट बघत पडून राहायची. खांदा दुखत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. आणि मग एका दुपारी पायाशी चादर ओढली गेली. तिने डोळे उघडून पाहिलं तर त्याचा उजवा पाय पलंगाच्या फळीवर दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. कपाळावर घाम आला होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. मागचा ब्रेक पायाने लागतो, हे थांबकराच्या घरात मांजरालाही माहीत असतं. गाडीला खरी थांबवतो तो पुढचा, हातातला. थांबताना सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं पडतं, आणि नुसत्या त्याच्या भरवशावर राहिलं तर ते घसरतं, नाहीतर गाडी पाहिजे तिथून कितीतरी पुढे जाऊन उभी राहते. हे व्याख्यान तिने जेवणाच्या ताटावर इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते तोंडपाठ होतं.

ती हलकेच उठली आणि अंगणात गाडीपाशी जाऊन वाकली. पुढच्या चाकावरची ब्रेकची चकती रोज वापरात असली की आरशासारखी चमकते. हिच्यावर तांबूस गंज धरला होता. तिने बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. मागच्या चाकाचे ब्रेकपॅड पार झिजत आले होते. म्हणजे तो पडल्यापासून थांबकराने पुढच्या ब्रेकला हात लावला नव्हता, आणि त्याच गाडीवर रोज सकाळी तिची एकुलती एक लेक बसून जात होती.

त्यानंतर तिच्या दुपारच्या झोपेचं काही खरं राहिलं नाही. डोळे मिटले की काळा पट्टा यायचा, पण रेषा आली तरी गाडी थांबायची नाही. ती आपली अलगद पुढे जायची. गवतातून, कुंपणातून, त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीतून, टांगलेल्या मोज्यांच्या रांगेखालून, आवाज न करता. मागे लेक बसलेली असायची, पाठमोरी, आणि हाक मारली तरी वळायची नाही.

विचारायची सोय नव्हती. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि या बाबतीत तर त्याला कुणी काही शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तिने एकदा चाचपून पाहिलं, "हात अजून दुखतो का हो?"

"छे. ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

मग तिला जे करता येत होतं ते ती करत राहिली. रोज सकाळी लेकीला दारात उभी करून नखशिखान्त बांधायची. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, घोट्यापर्यंतचे बूट, मोज्यांचे पट्टे आवळलेले, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल एवढाच सैल.

"आई, शिजतेय मी यात."

"शीज," ती म्हणायची. "पण अख्खी घरी ये."

गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती दारातच उभी राहायची. चामडं डांबराशी झगडतं, ते तिने पाहिलं होतं. पण पुढे अचानक थांबलेल्या ट्रकशी चामडं काय झगडणार? तिथे फक्त त्याची दोन बोटं कामाची, आणि ती बोटं झोपली होती.

अखेर एका सुट्टीच्या दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "मला गाडी शिकवा."

थांबकराला ठसका लागला. "या वयात?"

"वयाचं काय? गिअरची स्कूटर चालवायचे मी लग्नाआधी. चामडं आणायला किती दिवस रिक्षा करू?"

तो खूश झाला, हे तिला दिसलं. बऱ्याच दिवसांत कुणी त्याला काही शिकवायला सांगितलं नव्हतं. लेकीचं जाकीट तिला पोटावर बंद होईना. लेकीने आणि नवऱ्याने दोन्हीकडून ओढून चेन लावली तेव्हा तिघंही हसून हसून दमली, आणि तेवढा वेळ मोजेवाली आपण कशासाठी निघालो आहोत हेच विसरली.

कारखान्याच्या मागे सरावाचं जुनं मैदान होतं. तो गाडी घेऊन पुढे गेला, ती मागून रिक्षाने आली. पहारेकऱ्याने "आज वहिनी परीक्षेला का?" म्हणत फाटक उघडून दिलं. संध्याकाळचं ऊन सगळीकडे मऊ पसरलेलं होतं, डांबराच्या भेगांतून गवत वर आलं होतं आणि पांढरी रेषा पुसट झाली होती. मोजेवालीचं पाऊल अडखळलं. हा पट्टा तिने आधी पाहिला होता. गेली कितीतरी वर्षं, दुपारी, त्याच्या हातातून.

थांबकर रंगात आला. तिचा हात ब्रेकच्या दांड्यावर ठेवून सांगायला लागला, "आधी दोन बोटं टेकव. आवळायचं नाही. गाडीला कळू दे की आपण थांबणार आहोत. वजन पुढे आलं की मग दाब वाढव. पाय मदतीला, जरासाच. नजर खाली नाही, लांब. आधी हळू जा."

ती गेली. क्लच सोडताना गाडीने दोन गचके खाल्ले, मग सरळ धावू लागली. वारा हेल्मेटमध्ये गुणगुणायला लागला. रेषा आली आणि तिने डोळे मिटले नाहीत एवढंच, बाकी सगळं रोजच्यासारखं झालं. बोटं टेकली, ओढ आली, दम घेतला, दाब चढत गेला, आणि गाडी रेषेवर अलगद उभी राहिली. पुढचं चाक बरोबर पांढऱ्यावर होतं.

थांबकर लांब उभा होता तो चालत आला. हसत नव्हता.

"पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. जरा वेगाने केलं. तसंच झालं.

"हे कुठे शिकलीस?"

मोजेवालीने हेल्मेट काढलं. आता बोलायलाच हवं होतं. "तुमच्याकडून. रोज दुपारी झोपेत माझा हात ब्रेक समजून दाबता तुम्ही. कधीपासून दाबताय. आणि पडलात त्या दिवसापासून दाबत नाही. आता तुमचा पाय चालतो."

"झोपेतलं काय घेऊन बसलीस?" त्याचा आवाज चढला.

"चकतीवर गंज होता. माझं बोट तांबडं झालं. तो काही झोपेत नव्हता."

त्याने चकतीकडे पाहिलं. मग तिथेच रेषेवर खाली बसला. तीही शेजारी टेकली, कशीबशी, कारण त्या जाकिटात वाकता येत नव्हतं.

"मला भीती वाटते," थांबकर म्हणाला. "पण पडण्याची नाही. तुला सांगू? घसरत होतो तेव्हा लागत काहीच नव्हतं. जाकीट होतं, मोजे होते. नुसतं आभाळ फिरत होतं, हळू, अगदी शांत. आता आपल्याला काही करायचं नाही, असं वाटलं. सुटल्यासारखं. इतकं बरं वाटलं की नंतर माझी पाचावर धारण बसली. जन्मभर थांबवायचं काम केलं, आणि सुटलं तेव्हा मला बरं वाटलं! तेव्हापासून दांड्याकडे बोटं नेली की ती आखडतात."

मोजेवालीला हे समजलं असं म्हणता येणार नाही. पण त्याचा हात हातात घ्यावासा वाटला, तो तिने घेतला. "आणि लेक मागे असते तेव्हा?"

"हळू चालवतो."

"तुम्ही हळू चालवाल. समोरचा?"

थांबकर भेगेतलं गवत उपटायला लागला.

"उठा," ती म्हणाली. "मी मागे बसते."

"नाही. तू नाही."

"लेकीला बसवता, मग मला का नाही?"

हे त्याच्या वर्मी लागलं. तिलाही ते लावायचं होतंच. तो उठला, मोजे चढवले, पट्टे आवळले. ती मागे बसली आणि दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. पहिल्या खेपेला रेषा आली, तिने उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पोटावर टेकवली, हळूहळू दाब वाढवला. तो नुसताच पायावर जोर देत राहिला आणि रेषा मागे गेली, आणखी मागे गेली. दुसऱ्या खेपेला मागचं चाक अडकून गाडी शेपटीसारखी वळवळली. मोजेवालीच्या तोंडून किंकाळी निघाली. गाडी कशीबशी उभी राहिली तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. आता तोच म्हणेल पुरे, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही पुरे झालं होतं.

"सरळ बस," तो म्हणाला. "माझ्याबरोबर वाक."

तो पट्ट्याच्या अगदी टोकापर्यंत गेला आणि वळला. ऊन आता आडवं आलं होतं, सगळं डांबर पिवळं झालं होतं. गाडी सुटली आणि तिला वाटलं, आपण झोपलो आहोत. गवत वाकत होतं, आवाज कुठेतरी लांब राहिला होता. तिने बोटं टेकवली. त्याच्या पोटात श्वास अडकलेला तिला जाकिटावरून कळला. ओढ. दम. आणि मग पुढचा भाग खाली दबला, तिचा सगळा भार त्याच्या पाठीवर गेला आणि गाडी थांबली. रेषेच्या थोडी पुढे, पण थांबली. हाताने थांबली होती.

मोजेवाली त्याच्या पाठीवर डोकं टेकवून तशीच बसून राहिली. थांबकर हेल्मेटच्या आत रडत होता आणि ती बघत नाहीये असं दोघंही धरून चालली होती. अंधारायला लागेपर्यंत त्यांनी किती फेऱ्या मारल्या ते पहारेकऱ्यालाच ठाऊक. शेवटी त्याने फाटकावर काठी आपटून त्यांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दारात आली तेव्हा थांबकर गाडीशी उभा होता. त्याने किल्ली लावली नव्हती. मोजेवाली उंबऱ्यात थांबली. त्याने हे तिच्याशी बोलून ठरवलं नव्हतं.

"बस थोडी," तो लेकीला म्हणाला. "तुला एक सांगायचंय. पडल्यापासून मी पुढचा ब्रेक लावत नव्हतो. भीती वाटत होती. तुला मागे बसवून रोज तसाच जायचो. काल तुझ्या आईने पुन्हा लावून घेतला. आज लावीन. पण तुला रिक्षाने जायचं असेल तर जा, मला वाईट वाटणार नाही."

लेकीने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"मी लहानपणापासून मागे बसतेय. तुम्ही सिग्नलला थांबलात की माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टक् करून लागायचं. ते लागायचं बंद झालं."

थांबकराने मोजेवालीकडे पाहिलं. इतके दिवस या घरात आपण एकटीच जागी आहोत, अशी तिची समजूत होती.

"मग बसत का होतीस गं रोज?" त्याने विचारलं.

लेकीने पट्टा हनुवटीखाली ओढला, एक बोट घालून पाहिलं. "मी मागे असले की तुम्ही हळू चालवता," ती म्हणाली. "एकटे असलात की हळू नाही चालवत."